लॅबमध्ये चालणारा प्रोग्राम घरी का पडतो?

आधी तुझा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुला तपासता येईल. तू पहिल्या वर्षाला आहेस. लॅबमध्ये टर्बो सी या जुन्या कंपायलरवर एक प्रोग्राम लिहिलास: विद्यार्थ्याचं नाव विचारायचं, पाच विषयांचे गुण घ्यायचे, बेरीज आणि सरासरी दाखवायची. तिथे तो चालला, जर्नलवर सहीसुद्धा झाली. घरी लॅपटॉपवर जीसीसी हा आजचा कंपायलर टाकून तीच फाइल कंपाइल केलीस तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू सीएलआरएससीआर’ असा संदेश आला. ती ओळ काढल्यावर कंपाइल झालं, पण नाव टाइप करून एंटर दाबलं की प्रोग्राम बंद पडतो आणि −१०७३७४१८१९ असा आकडा दिसतो. शिवाय लॅबमध्ये सरासरी ८२.०० यायची आणि कॅल्क्युलेटरवर ८२.४० येते, याचंही कोडं आहे. शेवटी तू लिहिलंयस, ‘मॅडम, लॅपटॉपमध्ये काहीतरी गडबड आहे का? प्रोग्राम दुरुस्त करून द्याल का?’

लॅपटॉप ठणठणीत आहे. दुरुस्त करून देणार नाही, पण काय झालंय ते सगळं सांगते; दुरुस्ती तूच दहा मिनिटांत करशील. (कमांड आणि कोड इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहितेय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

पहिल्या संदेशापासून सुरुवात करू. आपण सगळ्या प्रकाराला ‘कंपाइल करणं’ म्हणतो, पण आत एकामागून एक चार जणं काम करत असतात. प्रीप्रोसेसर हेडर फाइल (तयार फंक्शनांची ओळख करून देणारी फाइल) आणून तुझ्या फाइलमध्ये ओततो. कंपायलर व्याकरण तपासून सी भाषेचं असेंब्लीत रूपांतर करतो. असेंब्लर त्याची ऑब्जेक्ट फाइल बनवतो. शेवटी लिंकर तुझे तुकडे आणि लायब्ररीतले तुकडे जोडतो. एरर कोणाकडून आली हे ओळखलं की निम्मं काम झालं. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं तर प्रीप्रोसेसरला हेडर सापडलेलं नाही. दर वर्षी कोणीतरी एसटीडीआयओ या हेडरच्या जागी ‘स्टुडिओ’ लिहितो आणि मग जीसीसी नीट टाकलं नाही म्हणून ते दोनदा पुन्हा टाकतो. ओळ क्रमांकासकट ‘एक्सपेक्टेड’ असं काही आलं तर ते कंपायलरचं बोलणं. आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणजे लिंकर म्हणतोय, ‘या नावाचं फंक्शन तू वापरलंस, पण त्याचा कोड मला कुठेच सापडला नाही.’

तुझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. स्क्रीन पुसणारं ते फंक्शन सी भाषेचा भाग नाही. कोनिओ हे हेडर डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) काळातल्या कंपायलरांनी दिलेली जादा सोय आहे, ते प्रमाण सीमध्ये कधीच नव्हतं. विंडोजवरच्या जीसीसीमध्ये त्या नावाचं हेडर आहे, त्यात गेटसीएचसुद्धा आहे, पण स्क्रीन पुसणारं फंक्शन नाही. म्हणून हेडर सापडलं आणि शेवटी लिंकर अडला. जीसीसीची १४ किंवा त्यानंतरची आवृत्ती घेतली असतीस तर लिंकरपर्यंत मजलच गेली नसती. २०२४ पासून, आधी ओळख करून न दिलेलं फंक्शन वापरलं की कंपायलरच एरर देतो. पूर्वी नुसती वॉर्निंग देऊन सोडून द्यायचा. तू ती ओळ काढलीस हे बरोबर केलंस. शेवटचं गेटसीएचही काढून टाक. टर्बो सीमध्ये उत्तराची स्क्रीन झटकन निघून जायची, ती थांबवायला ते लागायचं. टर्मिनलमधून प्रोग्राम चालवला तर त्याची गरज नाही. व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन कर आणि शेवटी रिटर्न ० लिही.

आता खरा मुद्दा.

तो −१०७३७४१८१९ आकडा म्हणजे विंडोजचा ठरलेला कोड आहे. सोळाच्या पायात लिहिला तर सी, मग सहा शून्यं आणि ५ असा दिसतो, आणि त्याचा अर्थ ‘अ‍ॅक्सेस व्हायोलेशन’: तुझ्या प्रोग्रामने मेमरीतल्या अशा जागी हात घातला जी त्याची नव्हती. लिनक्सवर याच गोष्टीला सेगमेंटेशन फॉल्ट म्हणतात. हा आकडा दिसला की प्रोग्राम अगदी ठरावीक चुकांपैकी एखादी करतोय असं बहुतेक वेळा असतं: कुठेही न रोखलेला पॉइंटर, अ‍ॅरेच्या बाहेर जाणं, किंवा टाइप केलेलं वाचून घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये & विसरणं.

तुझ्या फाइलमध्ये मेनच्या वर ‘कॅर *नेम’ अशी ओळ आहे आणि मेनमध्ये त्या नेममध्ये स्कॅनएफने नाव घेतलंयस. पॉइंटर म्हणजे पत्ता ठेवायची जागा. तू पत्त्याचा कागद घेतलास, पण त्यावर पत्ताच लिहिला नाहीस. घर तर बांधलेलंच नाही. मेनच्या बाहेर घोषित केलेली व्हेरिएबल्स सी भाषेच्या नियमाने शून्याने सुरू होतात, म्हणून तुझ्या कागदावर पत्ता आहे शून्य. स्कॅनएफ बिचारं सांगितलेलं काम करतं. ‘सुनीता’ ही अक्षरं नेऊन शून्य पत्त्यावर ठेवायला जातं. आजच्या विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रामला आपापली मेमरी आखून दिलेली असते आणि शून्याजवळचा भाग मुद्दाम बंद ठेवलेला असतो. तिथे लिहायला गेलं की प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम मिळून प्रोग्रामची मानगूट धरतात.

मग लॅबमध्ये हे चाललं कसं? चाललं नव्हतं. तीच चूक तिथेही होत होती, फक्त पकडायला कोणी नव्हतं. टर्बो सीचे प्रोग्राम डॉसवर चालतात (तुमच्याकडे बहुधा डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये), आणि डॉसमध्ये अशी राखण नाही. टर्बो सीच्या नेहमीच्या ‘स्मॉल’ मेमरी मॉडेलमध्ये शून्य पत्ता म्हणजे तुझ्या प्रोग्रामच्याच डेटाची अगदी सुरुवात. टर्बो सी बनवणाऱ्या बोर्लंड कंपनीने तिथे स्वतःची कॉपीराइटची ओळ ठेवलेली असते. तुझं ‘सुनीता’ त्या ओळीवर लिहिलं गेलं, आणि प्रोग्राम मुकाट्याने पुढे गेला. बाहेरून बघणाऱ्याला सगळं छान. टर्बो सी बंद होताना ती सुरुवातीची जागा बदललीय का हे तपासतं आणि बदललेली दिसली तर ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ असं छापतंही. पण तू गेटसीएचवर एक कळ दाबलीस की प्रोग्राम संपून निळा एडिटर समोर येतो, आणि तो संदेश मागच्या स्क्रीनवर राहतो. तो बघायला कोण जातंय?

म्हणजे लॅपटॉपने तुझा चालता प्रोग्राम मोडलेला नाही. लॅबमधल्या कंपायलरने सही होईपर्यंत झाकून ठेवलेली चूक त्याने उघडी केली. १९९१ च्या आसपासचं ते साधन त्या काळी उत्तमच होतं, पण नव्याने शिकणाऱ्याच्या हातात आज ते देणं मला पटत नाही. एरर न येणं आणि प्रोग्राम बरोबर असणं यांतला फरक ते मुलांना दिसूच देत नाही. असो, अभ्यासक्रम तू ठरवत नाहीस, मीही नाही.

हे मी तुला फाइल वाचून सांगितलं. पण मी नसताना तू कसं शोधलं असतंस?

प्रोग्राम अशा कमांडने कंपाइल कर: जीसीसी, मग डॅश जी, मग डॅश मोठं डब्ल्यू आणि त्याला चिकटून ऑल, मग तसंच डॅश डब्ल्यू एक्स्ट्रा, मग फाइलचं नाव. डब्ल्यू ऑलमुळे कंपायलर संशयास्पद गोष्टी बोलून दाखवतो. इफच्या कंसात == ऐवजी =, स्कॅनएफमध्ये विसरलेलं &, फॉरच्या कंसानंतर चुकून पडलेला ; अशा गोष्टी तो बऱ्याचदा पकडतो. मात्र तुझी ही चूक त्याने पकडली नसती, हेही सांगून ठेवते. पॉइंटर मेनच्या बाहेर असल्यामुळे त्याची किंमत ठरलेली आहे, शून्य, आणि कंपायलरला वाटतं मधे कोणीतरी भरली असेल. तोच पॉइंटर मेनच्या आत असता तर ‘न भरताच वापरलाय’ अशी वॉर्निंग आली असती. सगळी व्हेरिएबल्स वर टाकायची सवय का सोडायची, याचं हे एक कारण.

डॅश जीमुळे प्रोग्रामच्या पोटात ओळींची माहिती राहते आणि जीडीबी हा डीबगर वापरता येतो. जीडीबीला प्रोग्रामचं नाव देऊन सुरू कर, ‘रन’ लिही, नाव टाइप कर. या वेळी प्रोग्राम मुकाट्याने बंद पडणार नाही, पडल्या जागी थांबेल. मग ‘बीटी’ लिही. ते बॅकट्रेसचं छोटं रूप: कोणी कोणाला बोलावलं त्याची यादी. वरच्या ओळींत विंडोजच्या लायब्ररीची अगम्य नावं दिसतील, त्यांना घाबरू नकोस. खाली सरकत सरकत तुझ्या फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असलेली पहिली ओळ गाठ. चूक बहुतेक वेळा तिथेच असते. लायब्ररीत जवळजवळ कधीच नसते. आता ‘प्रिंट नेम’ लिहिलंस की समोर शून्य दिसेल. पाच मिनिटांचं काम, आणि कुणाला विचारावंही लागलं नाही.

जीडीबी नको वाटत असेल तर मधे मधे प्रिंटएफ टाकून किमती पडद्यावर छापून बघणं हाही प्रामाणिक मार्ग आहे, मी अजून करते. त्यात एक फसगत आहे. प्रिंटएफने दिलेला मजकूर लगेच पडद्यावर येईलच असं नाही, तो आधी बफरमध्ये साठू शकतो. प्रोग्राम मधेच पडला तर साठलेलं त्याच्याबरोबर जातं, आणि तुला वाटतं प्रोग्राम त्या ओळीपर्यंत पोचलाच नाही. म्हणून अशा प्रत्येक प्रिंटएफनंतर एफफ्लश करायचं, म्हणजे साठलेलं लगेच बाहेर पडतं, नाहीतर एफप्रिंटएफ वापरून मजकूर एसटीडीईआरआरवर, म्हणजे एररच्या संदेशांसाठीच्या वेगळ्या वाटेने, पाठवायचा.

दुरुस्ती सोपी आहे. पॉइंटरऐवजी मेनच्या आत ५० अक्षरांचा कॅर अ‍ॅरे घे. आता खरंच घर बांधलंस. पण थांब, लगेच दुसरा खड्डा आहे आणि त्यात तू पडणार हे मला दिसतंय. ‘सुनीता’ ऐवजी ‘सुनीता पाटील’ असं पूर्ण नाव टाकून बघ. गुण विचारणारे पाचही प्रश्न धडाधड छापले जातील, पण प्रोग्राम एकदाही थांबणार नाही, आणि सरासरी भलतीच येईल. कारण टक्के-एस वापरलं की स्कॅनएफ पहिल्या मोकळ्या जागेपाशी थांबतं. ‘सुनीता’ उचललं गेलं, ‘पाटील’ रांगेत उभं राहिलं. पुढचं स्कॅनएफ आकडा मागतं, समोर अक्षर दिसतं, ते काहीच न उचलता परत जातं. पुढचंही तसंच. पाचही वेळा तेच ‘पाटील’ दारात उभं.

यातून दोन गोष्टी घे. नावासाठी एफगेट्स वापर, ते पूर्ण ओळ घेतं आणि जागा किती आहे हे त्याला सांगावं लागतं. फक्त एंटरचं अक्षरही ते सोबत ठेवतं, तेवढं पुसून टाक. आणि स्कॅनएफ किती गोष्टी यशस्वीपणे वाचल्या तो आकडा परत देतं, तो तपास. एक आकडा मागितलास आणि १ परत आलं नाही, तर काहीतरी बिनसलंय. कॉलेजात हे कोणी सांगत नाही आणि पुढे सगळे त्यावाचून अडतात.

तिसरा खड्डा तू स्वतःच खणणार आहेस, कारण मी तुला व्हेरिएबल्स आत घ्यायला सांगितली. बेरजेचं ‘सम’ बाहेर होतं तोवर ते शून्याने सुरू व्हायचं. मेनच्या आत आलं की त्यात आधीचा काहीही कचरा असू शकतो. एखाद्या दिवशी योगायोगाने शून्य असेल आणि प्रोग्राम बरोबर चालेल. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर बेरीज कोटींत जाईल. ‘इंट सम = ०’ असं लिही.

राहिली सरासरी. तुझे गुण ७८, ८५, ९१, ७४, ८४, बेरीज ४१२. तू ४१२ ला ५ ने भागतेस, आणि दोन्ही पूर्णांक आहेत. सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच, दशांश भाग टाकून दिला जातो. ८२ मिळाले, मग ते फ्लोटमध्ये ठेवलेस, म्हणून ८२.०० छापलं गेलं. तोवर .४ केव्हाच गेलेले असतात. भांडं मोठं घेतलं म्हणून सांडलेलं दूध परत येत नाही. ५ च्या जागी ५.० लिही. ही चूक लॅबमध्येही दिसत होती, आणि तू ती कॅल्क्युलेटरवर पडताळलीस. तुझ्या पूर्ण प्रश्नात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. एरर न देणाऱ्या चुका अशाच सापडतात: उत्तर आधी हाताने काढायचं आणि मग मशीनला विचारायचं.

घरी काम करताना भेटतील असे आणखी काही संदेश आत्ताच सांगून ठेवते. ‘विनमेन’ सापडलं नाही असं लिंकर म्हणाला तर घाबरू नकोस, बहुतेक वेळा फाइल सेव्ह करायची राहिलेली असते. डिस्कवरची फाइल रिकामी असते, त्यात मेन कुठून मिळणार? ‘स्ट्रे ३४२ इन प्रोग्राम’ आलं तर कोड पीडीएफमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलला आहेस आणि त्यात सरळ अवतरणचिन्हांऐवजी नक्षीदार चिन्हं आली आहेत. ती हाताने पुन्हा टाइप कर. एक्झी फाइल लिहिता येत नाही, ‘परमिशन डिनाइड’, असं आलं तर आधीचाच प्रोग्राम कुठल्यातरी खिडकीत चालू आहे. आणि एकदम दहा एरर आल्या तर फक्त पहिली वाच, दुरुस्त कर, पुन्हा कंपाइल कर. बाकीच्या नऊ त्या पहिलीचीच पिल्लं असतात. ती पहिलीही कधी कधी खऱ्या चुकीच्या पुढच्या ओळीवर दिसते, म्हणून एक ओळ वरही नजर टाक.

यापेक्षाही फालतू गोष्ट सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दीड दिवस एक चूक शोधत होते. कोड बदलला, काही फरक नाही. निम्मा उडवला, तरी काही फरक नाही. शेवटी कळलं की मी एका फोल्डरमधली फाइल बदलतेय आणि कंपाइल दुसऱ्याच फोल्डरमधली करतेय. तेव्हापासून, बदल करूनही प्रोग्राम ढिम्म राहिला की मी मधेच ‘अबकड’ असं काहीतरी मुद्दाम खरडते. कंपायलर ओरडला नाही, तर तो माझी फाइल वाचतच नाहीये.

एका वेळी एकच गोष्ट बदल, हेही त्याच दीड दिवसाने शिकवलं. तू लिहिलंयस, ‘मी बरंच काही करून बघितलं.’ मला हे वाक्य वाचलं की धडकी भरते, कारण मूळ चूक आणि त्यावर घातलेल्या नव्या चुका आता एकमेकींत गुंतलेल्या असतात. करून बघायच्या आधी चालत्या फाइलची एक प्रत काढून ठेव.

एआयला विचारलं तर चालेल का, असंही तू शेवटी विचारलंयस. विचार, पण एररचा संदेश देऊन ‘याचा अर्थ काय’ असं विचार. ‘दुरुस्त करून दे’ म्हणालीस तर देईल, आणि ओरलला बाईंनी ‘एफगेट्स का वापरलंस?’ म्हटलं की तू माझ्याकडे बघशील. मी तिथे नसेन.

प्रॅक्टिकलची परीक्षा टर्बो सीवरच असेल, तर काळजी नको. वरचे सगळे बदल तिथेही चालतात. फक्त फाइल सी एक्स्टेन्शनची असेल तर व्हेरिएबल्स प्रत्येक महिरपी कंसाच्या सुरुवातीलाच घोषित कर. फॉरच्या कंसात ‘इंट आय’ लिहिलंस तर तो जुना कंपायलर ते मानणार नाही.

आणि पुढच्या वेळी लॅबमध्ये गेलीस की तुझा जुना, सही झालेला प्रोग्राम एकदा चालव. नाव टाक, गुण टाक, शेवटची कळ दाब. निळा एडिटर परत आला की ऑल्ट आणि एफ५ एकदम दाब, मागची स्क्रीन उघडेल. अगदी खालची ओळ वाच आणि मला कळव.